धुणी आणि चव्हाटा

कॅथरीन डनहॅम यांच्या वडिलांचं अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी कपडे धुऊन-रंगवून देण्याचं दुकान होतं. आई लहानपणीच गेलेली, वडील कडक, भाऊ-बहीण दोघंही शाळा सुटली की दुकानाच्या कामाला. लोकांचे मळके कोट आणि डागाळलेले झगे हाताळत ही मुलगी मोठी झाली. पुढे तिने नृत्यात नाव काढलं, स्वतःची नृत्यकंपनी घेऊन पन्नासहून जास्त देश पालथे घातले. आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिच्यावर जो राग निघाला, तो मराठीत सांगायचा तर असा : घरची धुणी चव्हाट्यावर धुतलीस.

चव्हाटा होता चिली देशाची राजधानी सांतियागो. आणि धुणं होतं लिंचिंगचं. खटला नाही, साक्षीपुरावा नाही, जमावाने माणूस पकडायचा आणि झाडाला लटकवायचा. टस्कीगी इन्स्टिट्यूटने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ३,४४६ कृष्णवर्णीय माणसं अशी मारली गेली. १९५१च्या जानेवारीत डनहॅम यांनी हा विषय रंगमंचावर आणला, तोही परक्या देशात, परक्या प्रेक्षकांसमोर. त्यानंतर त्यांच्या कंपनीच्या परदेश दौऱ्यांना अमेरिकन सरकारने पाठबळ दिलं नाही. आपला देश परदेशात वाईट दिसेल असं काही कलावंताने दाखवलं, तर सरकारी तिजोरीने त्याच्यापुढे हात आखडता घ्यावा का? मला वाटतं, घेऊ नये. मात्र समोरच्या बाजूकडेही बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते टाळून पुढे गेलं तर हा लेख नुसती आरती होईल.

आधी या बाईंनी केलं काय, ते पाहू. डनहॅम (जन्म १९०९) शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होत्या. रॉबर्ट रेडफील्ड त्यांचे शिक्षक, आणि शेजारच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मेल्व्हिल हर्स्कोविट्स मार्गदर्शक. त्याच वेळी बॅलेचं शिक्षणही चालू होतं. रोझेनवॉल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाखतीला गेल्या, तेव्हा मंडळाने विचारलं, तुम्हाला नेमकं काय करायचंय? सांगण्यापेक्षा दाखवते, म्हणत त्यांनी वरचा लोकरी सूट उतरवला आणि आतल्या नाचाच्या कपड्यांत आधी बॅले, मग आफ्रिकन वळणाच्या हालचाली करून दाखवल्या. शिष्यवृत्ती मिळाली. १९३५-३६ मध्ये जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती या बेटांवर त्या महिनोन्‌महिने राहिल्या. जमैकातल्या अकम्पाँगला तर गुलामीतून पळून डोंगरात गाव वसवलेल्या लोकांच्या वंशजांमध्ये मुक्काम होता.

मार्टिनिकमध्ये त्यांनी टिपलेल्या छोट्या चित्रफिती आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. एकीत 'लाग्या' नावाचा झुंजीचा नाच आहे. दोन गडी ढोलाच्या तालावर एकमेकांभोवती घिरट्या घालतात, लाथ समोरच्याच्या तोंडापाशी येते आणि लागता लागता परत फिरते. फीत मूक आहे, पण ढोल ऐकू आल्यासारखा वाटतो. याच झुंजीवर डनहॅम यांनी १९३८ मध्ये शिकागोत आपलं पहिलं मोठं नृत्यनाट्य उभं केलं. ते कोणाच्या पैशावर? रूझवेल्ट सरकारच्या फेडरल थिएटर प्रोजेक्टच्या. मंदीत बेकार झालेल्या कलावंतांना काम देणारी ती सरकारी योजना. म्हणजे ज्या तिजोरीने पुढे पाठ फिरवली, तिनेच या बाईंना आधी उभं केलं होतं. सरकारी पैशाने कला होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडेही भेटतात. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

हैतीत त्यांना 'यानव्हालू' सापडला. दांबाला या नागदेवतेसाठी केला जाणारा हा नाच. गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेलं, आणि कंबरेपासून मानेपर्यंत कण्यातून एकामागून एक लाट जाते, जशी पाण्यातून सापाची जावी. हे लिहायला बसण्याआधी मी खोलीचं दार लावून तो करून पाहिला. चौथ्या लाटेला कंबरेने जाहीर नकार दिला. पण तेवढ्यातही एक गोष्ट कळली. बॅलेत शरीर जमिनीपासून सुटू पाहतं, इथे ते जमिनीशी बोलत राहतं. डनहॅम यांनी बॅलेची शिस्त आणि ही कण्याची लाट एकत्र आणली. खांदा हलेल तेव्हा कंबर स्थिर, कंबर हलेल तेव्हा खांदा स्थिर, एकाच देहात दोन-तीन ताल. वर्गात रेकॉर्ड वाजत नसे, ढोलवाले समोर बसत. 'डनहॅम टेक्निक' म्हणून ही पद्धत आजही शिकवली जाते, आणि अमेरिकेतल्या जॅझ नृत्याच्या कितीतरी वर्गांत तिचं नाव न घेता तिच्याच हालचाली घोटल्या जातात.

पदवी १९३६ मध्ये मिळाली. हैतीच्या नाचांवरचा त्यांचा अभ्यास पुढे छापलाही गेला, पण पुढच्या पदवीची वाट त्यांनी सोडली आणि रंगमंच धरला. ब्रॉडवे झालं, हॉलिवूड झालं, न्यूयॉर्कमध्ये शाळा निघाली. त्या शाळेत अर्था किट शिकल्या, मार्लन ब्रँडोही येऊन गेले. हा सगळा झगमगाट मी भरभर ओलांडतो, कारण माझा विषय तो नाही.

दौऱ्यांवर मात्र थांबायला हवं. १९४४ मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात प्रयोग संपल्यावर डनहॅम प्रेक्षकांपुढे आल्या आणि म्हणाल्या की इथे आमचा हा शेवटचा प्रयोग, कारण आमच्यासारख्या माणसांना तुमच्यासारख्यांच्या शेजारी बसू दिलं जात नाही. टाळ्या घेऊन गप गाडीत बसणं सोपं होतं, पोटही त्यावरच होतं. १९५० मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात एस्प्लानादा हॉटेलने त्यांना खोली नाकारली. त्यांनी गाजावाजा केला. वर्तमानपत्रांत आलं, संसदेत गेलं, आणि जुलै १९५१ मध्ये वंशभेदाला गुन्हा ठरवणारा ब्राझीलचा पहिला कायदा झाला. अफोन्सो आरिनोस या खासदाराच्या नावाने तो ओळखला जातो. अंमलबजावणी फारशी झाली नाही, हे खरंच. तरी बघा, एका परदेशी नर्तकीने लाज काढली म्हणून ब्राझीलने निदान कागदावर तरी कायदा केला. त्याच बाईंनी त्याच सुमारास स्वतःच्या देशाची लाज काढली, तेव्हा तो देश काय करत होता?

'साउथलँड' हे त्या नृत्यनाट्याचं नाव. रंगमंचावर दक्षिणेतलं मॅग्नोलियाचं झाड. एका गोऱ्या मुलीला तिचा गोरा प्रियकर मारझोड करून टाकून जातो. शेतात काम करणारा एक कृष्णवर्णीय तरुण तिला पाहतो, मदतीला वाकतो. शुद्धीवर आलेली मुलगी स्वतःची अब्रू सावरायला त्याच्याकडे बोट दाखवते, आणि त्याच्या जातकुळीला दिली जाणारी शिवी तिच्या ओठांवर येते. जमाव येतो. थोड्या वेळाने झाडाला देह लटकत असतो. पुढच्या भागात धुराने भरलेल्या एका गुत्त्यात लोक पत्ते खेळताहेत, नाचताहेत, आणि त्यांच्यामधून ती प्रेतयात्रा जाते. बघणाऱ्यांना काही दिसत नाही, दिसतं ते तिथल्या आंधळ्या भिकाऱ्याला. गोऱ्या मुलीची भूमिका ज्युली रॉबिन्सन यांनी केली. त्या स्वतः गोऱ्या, आणि बाकी कंपनी कृष्णवर्णीय. रोज रात्री आपल्याच सोबत्यांसमोर ती शिवी ओठांवर आणायची. कंपनीत तणाव झाला नसता तरच नवल. आपल्या पोटावर पाय येईल म्हणून धास्तावलेले नर्तकही त्यात होते.

सांतियागोतल्या अमेरिकन वकिलातीला हे रुचलं नाही. वर्तमानपत्रांनी मौन धरलं, एका कम्युनिस्ट पत्राने तेवढी दखल घेतली. वर्तमानपत्रांचा कागद अमेरिकेच्या हातात आहे, असा दम दिला गेल्याचं डनहॅम सांगत. कंपनीला चिलीतून काही दिवसांत निघावं लागलं. १९५३च्या जानेवारीत पॅरिसला 'साउथलँड' पुन्हा झालं आणि मग डनहॅम यांनी ते बासनात गुंडाळलं. अमेरिकेत त्यांच्या हयातीत त्याचा एकही प्रयोग झाला नाही.

मग १९५४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपले कलावंत जगभर पाठवायची योजना सुरू केली. शीतयुद्धाचे दिवस. आमच्याकडे फक्त च्युइंगगम आणि बॉम्ब नाहीत, संस्कृतीही आहे, हे सांगायचं होतं. पहिला मान होझे लिमोन यांच्या नृत्यकंपनीला, दक्षिण अमेरिकेत. १९५५-५६ मध्ये मार्था ग्रॅहम यांची कंपनी आशियाच्या दौऱ्यावर निघाली, भारतातही आली. १९६२ मध्ये अल्विन एली आणि कार्मेन डी लव्हलाड हे कृष्णवर्णीय नर्तक आग्नेय आशियात, ऑस्ट्रेलियात, जपानमध्ये गेले. ज्यांनी सरकारच्या कितीतरी आधी, स्वतःच्या हिमतीवर, अमेरिकन नृत्य युरोप आणि लॅटिन अमेरिकेत नेलं होतं, त्या डनहॅम या यादीत कुठेच नव्हत्या.

आता समोरची बाजू. पहिला युक्तिवाद साधा आहे. सरकार कोणावर बंदी घालत नाहीये, फक्त पैसे देत नाहीये. लग्नाला कोणाला बोलवायचं ते यजमान ठरवणार. गोम अशी की खजिना यजमानाच्या खिशातला नव्हता. कर मिसिसिपीतला कृष्णवर्णीय शेतमजूरही भरत होता, ज्याला मत देण्याचा हक्क कागदावर होता आणि मतपेटीपर्यंत पोचू दिलं जात नव्हतं. त्याच्या पैशाने देशाचं चित्र जगाला दाखवायचं आणि त्या चित्रातून झाडावर लटकणारा त्याचाच भाऊ पुसून टाकायचा, याला यजमानाची मर्जी म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, आणि तो मी हलकेच घेणार नाही. १९५१ मध्ये कोरियात युद्ध चालू होतं. अमेरिकेने माणुसकीचं नाव घेतलं की मॉस्को लिंचिंगचं नाव घेई. अशा वेळी शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? माझं म्हणणं असं की मॉस्कोला डनहॅम यांची गरजच नव्हती. लिंचिंगच्या फोटोंची पोस्टकार्डं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतच विकली गेली होती, खुनी कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत अशी. जगाला सगळं माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की हे सांगणारा आवाज रशियन असेल की अमेरिकन. 'हे आमच्या घरात होतं, आणि ते दाखवणाऱ्या बाईंच्या प्रवासाचं भाडं आमच्याच सरकारने भरलंय', असं म्हणता आलं असतं, तर मॉस्कोला उत्तर सुचलं नसतं. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेलं, तेव्हा कृष्णवर्णीय जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे रशियाला जायला नकार दिला. देशाचा हसतमुख राजदूत म्हणून ज्याच्यावर भिस्त ठेवली, त्याने ऐन वेळी पाठ फिरवली. गप्प बसणारा कलावंत निवडून तरी सरकारला खात्री कुठे मिळाली?

कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांच्याबाबत तर सरकार आणखी पुढे गेलं. १९५० मध्ये त्यांचा पासपोर्टच काढून घेतला आणि तो १९५८ पर्यंत दिला नाही. कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल परदेशात बोलणं हे अमेरिकेच्या परराष्ट्र व्यवहारात ढवळाढवळ करणं आहे, अशी सरकारची भूमिका होती. इथे एक मुंबईची आठवण सांगायलाच हवी. १९५८ मध्ये रोबसन साठ वर्षांचे झाले, तेव्हा भारतात त्यांच्या सत्कारासाठी समिती झाली आणि तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. अमेरिकन अधिकाऱ्यांना हे खटकलं, त्यांनी आडून-उघड सुचवून पाहिलं. सत्कार झाला. दुसऱ्याच्या देशातल्या बंडखोराचा सत्कार करणं नेहमीच सोपं असतं, हेही ओघानेच आलं. बावीस वर्षांनी 'घाशीराम कोतवाल' युरोपला निघालं, तेव्हा महाराष्ट्राची परदेशात बदनामी होईल म्हणून आपल्याकडे किती गदारोळ झाला, ते आठवणारे लोक अजून आहेत.

तिसरा आक्षेप कलेचा. पॅरिसच्या काही समीक्षकांना 'साउथलँड' आवडलं नाही. आम्हाला ती कॅरिबियन रंगांची, कमरेच्या लयीची डनहॅम हवी होती, हा प्रचार कशाला, असा सूर होता. आराखडा वाचून मलाही वाटतं की ते कदाचित फार ठळक, फार सरळ असेल. 'लाग्या'तली लाथ जशी लागता लागता परत फिरते, तशी कला इथे परत फिरत नाही, थेट लागते. असेलही हे नृत्यनाट्य डावं. पण वकिलातीने ते डावं आहे म्हणून नाक मुरडलं नव्हतं. आणि रंग उधळणारी डनहॅम चालेल, रडणारी नको, हा हिशेब समीक्षकाचा असला तरी सरकारच्या हिशेबाशी तो अगदी जुळतो, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

मग सरकारचे पैसे घेणारे एली चुकले का? मला तसं वाटत नाही. शाळकरी वयात लॉस एंजेलिसला डनहॅम यांचा प्रयोग पाहून हा मुलगा नाचाकडे वळला. १९६० मध्ये त्यांनी 'रेव्हिलेशन्स' केलं, टेक्सासमधल्या लहानपणीच्या चर्चमधली भजनं, नदीतला बाप्तिस्मा, रविवारच्या पंख्यांनी वारा घेणाऱ्या बायका. त्यात दुःख आहे, आणि शेवटी टाळ्यांवर उचलून नेणारा आनंद आहे. ते जगभर गेलं, हे चांगलंच झालं. माझी तक्रार एलींशी नाही. सरकारला दुःख चालतं, पण त्या दुःखाला कारण असलेला माणूस रंगमंचावर आला की चालत नाही. 'रेव्हिलेशन्स'मध्ये जमाव नाही. 'साउथलँड'मध्ये आहे.

पैसे न देण्याची गंमत अशी की त्याला सही लागत नाही. बंदी घालणाऱ्याला निदान हुकूम काढावा लागतो, हुकुमाला कोर्टात आव्हान देता येतं. इथे फक्त पत्राला उत्तर येत नाही. मोठी कंपनी, पेट्याच्या पेट्या पोशाख (ते पती जॉन प्रॅट यांनी केलेले), ढोल, जहाजाची तिकिटं, हॉटेलं, आजारपणं. हे सगळं नाइट क्लब आणि सिनेमाच्या कमाईवर किती दिवस ओढणार? १९६०च्या आसपास कंपनी विस्कटली. सगळं खापर 'साउथलँड'वर फोडता येणार नाही. डनहॅम यांचे गुडघे केव्हाच कुरकुरत होते, कर्ज होतं, प्रेक्षकांची आवड बदलत होती. पण लिमोन आणि ग्रॅहम यांनाही कर्ज आणि गुडघे होतेच.

१९६६ मध्ये सेनेगलची राजधानी डाकारला कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला, तेव्हा मात्र अमेरिकेला डनहॅम यांची आठवण झाली. आफ्रिकेत नवे देश उभे राहत होते, तिथे पाठवायला वजनदार नाव हवं होतं. त्या गेल्या. परत येऊन त्यांनी राहायला निवडलं ईस्ट सेंट लुइस. १९१७च्या वांशिक कत्तलीचं हे शहर, कारखाने बंद पडलेले, पोरं टोळ्यांत. १९६७ मध्ये पकडून नेलेल्या तरुणांची चौकशी करायला पोलिसांकडे गेल्या, तर त्यांनाच आत टाकलं. सुटल्यावर त्यांनी त्याच पोरांसाठी ढोल, नाच आणि कराटेचे वर्ग काढले.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यांना राष्ट्रीय कला पदक दिलं. तीन वर्षं सरत नाहीत तोच त्यांनी त्याच बुश यांच्या धोरणाविरुद्ध उपोषण मांडलं. हैतीत १९९१ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना उलथवलं होतं, लोक मिळेल त्या होडीतून पळत होते, आणि अमेरिकन तटरक्षक दल त्यांना समुद्रातूनच परत हैतीला सोडत होतं. ब्याऐंशी वर्षांच्या डनहॅम ४७ दिवस उपाशी राहिल्या. आरिस्तीद यांनी स्वतः विनंती केली, तेव्हा थांबल्या. धोरण बदललं नाही. पदक कोणी परत मागितलं नाही, एवढी प्रगती म्हणायची.

२००६च्या मे महिन्यात, शहाण्णवाव्या वर्षी, डनहॅम न्यूयॉर्कमध्ये गेल्या. २०१२ मध्ये डेन्व्हर शहरातल्या क्लिओ पार्कर रॉबिन्सन यांच्या नृत्यकंपनीने 'साउथलँड' पुन्हा उभं केलं. एकसष्ट वर्षांनी ते मॅग्नोलियाचं झाड अमेरिकेच्या रंगमंचावर लागलं. लिंचिंगला केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरवायची पहिली मोठी खटपट १९२२ मध्ये सिनेटने हाणून पाडली होती. असा कायदा पास होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली २९ मार्च २०२२ रोजी.